साहेबांना मत नव्हते

आमच्या संडे स्कूलच्या एका शिक्षिकेने मध्यंतरी आम्हांला विचारले, "मुलांना मिशनऱ्यांविषयी काय सांगायचे? आमच्या लहानपणी ती सगळी देवमाणसेच होती असे आम्हांला शिकवले. आता मुले बाहेरून वेगळेच ऐकून येतात आणि मला विचारतात. खरे काय समजायचे?" उपासना संपली होती, बाहेर ऊन तापले होते आणि आम्हीही घाईत होतो. "दोन्ही सांगा, चांगले आणि वाईटही," असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर आम्हांला टोचू लागले. दोन्ही सांगा म्हणजे काय सांगा? एका पारड्यात शाळा, दवाखाने, महारोग्यांची सेवा आणि दुसऱ्या पारड्यात साहेबी तोरा घालून शेवटी काटा कुठे थांबला ते मुलांना दाखवायचे काय? असे तोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला हा प्रश्न आहेच. शिवाय त्यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. त्या शिक्षिकाबाईंचे उत्तर आम्ही देणे लागतो. ते आज देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आमच्या मते खरा प्रश्न असा आहे. एखाद्याने दुसऱ्याचे भले केले, मनापासून केले, त्यासाठी घरदार सोडले, देश सोडला, कधी पोटची मुलेही परक्या मातीत पुरली. पण ज्याचे भले केले त्याला विचारले मात्र नाही. तर त्या भल्यात काही उणे राहते काय? हा प्रश्न फक्त मिशनऱ्यांना लागू पडत नाही हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण आधी मिशनऱ्यांचे पाहू.

आमच्या मंडळीत उज्जैनच्या एक बाई होत्या. (होत्या म्हणजे आमच्या मंडळीत होत्या, देवदयेने त्या हयात आहेत. ते पुढे येईल.) त्यांचे आजोबा पोटापाण्यासाठी नगर जिल्ह्यातून मालव्यात गेले आणि तिथलेच झाले. मातोश्री मिशनच्या कंपाउंडात बायबल बाई होत्या. घरात मराठी, गल्लीत माळवी, साहेबांशी हिंदी आणि प्रार्थना पुन्हा मराठीत, असे ते घर. बाई स्वतः पुढे नर्स झाल्या आणि लग्न होऊन महाराष्ट्रात आल्या. तसे उज्जैन आपल्याला परके नाहीच. राणोजी शिंद्यांनी तिथे आपले ठाणे मांडले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी मराठी घरे तिथे राहिली ती राहिलीच.

बाईंचा जन्म १९४३ चा. त्या म्हणत, "आम्ही घर बदललं नाही, राज्यं मात्र तीन बदलली." हे अक्षरशः खरे आहे. त्या जन्मल्या तेव्हा उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होते. २८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले आणि महाराज जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेही राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले आणि राजप्रमुख हे पदच उरले नाही. तेरा वर्षांच्या मुलीने एका अंगणात बसून महाराजांची प्रजा, संघराज्यातली रहिवासी आणि प्रजासत्ताकाची नागरिक अशा तिन्ही अवस्था पाहिल्या. आणि त्याच अंगणापलीकडे बंगल्यात राहणारे मिशनरी साहेब? ते वर्षभराच्या रजेवर कॅनडाला जात आणि परत येत, तो इथला कायदा बदललेला, अधिकारी बदललेले, पैसा बदललेला. १९५७ साली तर आणेही गेले आणि नवे पैसे आले. ज्या देशात आपण सेवेला आलो तो देश आपल्या पायाखालून सरकतो आहे असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

हे साहेब कोणाच्या परंपरेतले होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १८७७ साली इंदूरला काम सुरू केले. पुढे उज्जैन, रतलाम, नीमच, धार अशी ठाणी झाली. डॉ. जॉन बुकॅनन आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मेरी यांनी आरंभी उज्जैनलाच काम केले, मग ते आमखुटला भिल्ल लोकांत गेले आणि त्यांच्यातच राहिले. ही माणसे सुखासाठी आली नव्हती. परंतु त्या काळची एक गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. इंदूरच्या बाजारात उपदेश करण्यावरून १८८० च्या दशकात होळकर दरबाराशी मिशनचा वाद झाला, तेव्हा मिशनने दाद मागितली ती ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे. मध्य हिंदुस्थानचे त्या वेळचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांचे मिशनऱ्यांवर मुळीच प्रेम नव्हते, हे खरे. तरी दार ठोठावले ते सत्तेचेच. बाजारातल्या ज्या माणसाला ऐकवायचे, त्याला ऐकायचे आहे की नाही, हा मुद्दा त्या सगळ्या वादात कुठेच नव्हता. दरबार म्हणे ऐकवू देणार नाही, मिशन म्हणे ऐकवणार, आणि मधला माणूस आपला बाजाराची पिशवी घेऊन उभा.

तो माणूस मध्ये आला १९५२ साली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक पक्षाला चिन्ह दिले आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही कागद कुठे टाकायचा ते कळावे. शिकलेले लोक हसत होते, परदेशी पाहुणे तर हसतच होते. पण मतदानाच्या आधी याद्या कराव्या लागल्या, आणि याद्या करताना एक अडचण निघाली. उत्तर भारतात पुष्कळ बायका आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगत. परक्या पुरुषाला नाव कसे सांगावे? सेन यांनी ठरवले की स्वतःच्या नावाशिवाय मतदार नाही. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाखांची नावे त्यामुळे यादीतून गळली. हे मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारतात घडले. म्हणजे बाईंच्या उज्जैनच्या मुलखातसुद्धा.

बाईंना ते दिवस अंधुक आठवत. कारकून वही घेऊन गल्लीत आला की दाराआडून आवाज येई, "लिखो, मुन्ना की माँ." तो पुन्हा विचारी, पुन्हा तेच. बाईंच्या मातोश्रींनी मात्र उंबऱ्यावर येऊन आपले नाव, नवऱ्याचे नाव, वय असे घडाघड सांगितले. कारकून चकित झाला. त्यात मातोश्रींचे फार मोठे धैर्य होते असे बाईंचे म्हणणे नाही. "बाप्तिस्म्याच्या वहीत नाव होतंच की तिचं. सांगायची सवय होती," असे त्या म्हणत. ही सवय मिशनने लावली, हे आपण मुलांना अवश्य सांगावे. देवाने ज्याला नावाने हाक मारली त्याला अमक्याची आई म्हणून भागत नाही. मुलींच्या शाळेच्या हजेरीपटात, दवाखान्याच्या चिठ्ठीवर, मंडळीच्या यादीत बाईचे तिचे स्वतःचे नाव पडू लागले ते मतदारयादीच्या कितीतरी वर्षे आधी. ज्यांनी ते पाडले त्यांना आपण एका परीने पुढल्या मतदाराचे नाव लिहीत आहोत हे ठाऊक असेल असे वाटत नाही.

मतदानाच्या सकाळची हकिकत बाईंना स्पष्ट आठवते. थंडी होती. मातोश्रींनी नाताळातले लुगडे काढले. खानसामा, माळी, चौकीदार, सगळे निघाले. बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब उभे होते. त्यांनी म्हाताऱ्यांसाठी आपली मोटार देऊ केली. मातोश्री म्हणाल्या, "नको साहेब. मोटारीतून गेलो तर लोक म्हणतील, साहेबाचं मत टाकायला आले." साहेब हसले आणि सहज म्हणाले, "मग तुझं मत कोणाला?" त्यावर मातोश्रींनी पदर सावरून सांगितले, "साहेब, ते सांगायचं नसतं म्हणे."

बायबल बाईने साहेबांना एखादी गोष्ट सांगायची नाही, असा तो त्या कंपाउंडातला पहिलाच प्रसंग असावा. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणी उपासना चुकवली, कोणाचे कोणाशी भांडण, सगळे व्हरांड्यात सांगायची रीत. साहेब क्षणभर गप्प झाले, असे बाई म्हणतात. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. सगळी मंडळी फाटकातून बाहेर पडली आणि साहेब व्हरांड्यात एकटे उरले. ते परदेशी नागरिक, त्यांना मत नव्हते. चौकीदाराला होते.

नव्या लोकशाहीत राहणाऱ्या मिशनऱ्याच्या मनावर काय ठसले असेल असा विचार आम्ही करतो तेव्हा हा व्हरांडा आम्हांला दिसतो. रस्ते झाले, धरणे झाली, विक्रम विद्यापीठ निघाले, या गोष्टी त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत येणारच. पण कालपर्यंत ज्यांच्या वतीने आपण बोललो ते आज स्वतः बोलून आले, आणि काय बोलले ते आपल्याला सांगत नाहीत, हे पचवायला जड होते. ज्याने हे पचवले तो मिशनरी मोठा. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याने आपण मागे सरायचे व येणाऱ्याने पुढे व्हायचे असे स्वतःविषयी सांगितले, त्यावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. ती देणाऱ्याला मागे सरावे लागते तेव्हाच त्यांची परीक्षा होते.

मागे सरण्याची वेळ कायद्यानेही आणली. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर वाद झाला. आज ते पंचविसावे कलम आहे. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क त्यात असावा की नसावा? लोकनाथ मिश्र यांनी कडाडून विरोध केला. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितले की आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण कोणी आपल्याला ख्रिस्ती करण्याचा यत्न केला नाही. कन्हैयालाल मुनशींचे म्हणणे असे की आता कोणत्याही धर्माच्या पाठीशी परकी सत्ता नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. हक्क राहिला. पुढल्याच वर्षी आपल्या समाजाने, डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जींसारख्यांच्या पुढाकाराने, विधिमंडळातल्या राखीव जागांवरचा दावा सोडला. आपल्या आजोबा-पणजोबांनी एक आधार हातचा सोडला तो शेजाऱ्याच्या भरवशावर. यावर आपण फारसे बोलत नाही. बोलले पाहिजे.

भरवसा नेहमीच फळला असे म्हणणार नाही. १९५४ साली त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ हे आपले जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. १९५६ चा तिचा अहवाल मिशनऱ्यांविरुद्ध गेला आणि धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशांनी परत जावे अशी शिफारस त्यात होती. मध्य भारतातही अशीच एक समिती बसली. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, आणि २०२१ साली त्या जागी अधिक कडक कायदा आला. त्या अहवालातले पुष्कळसे आम्हांला अन्यायाचे वाटते. तरी त्यात एक वाक्य असे नाही की ज्याला आपण उत्तर देऊ शकत नव्हतो. ख्रिस्ती लोकांनी उत्तरे छापली, सभा घेतल्या, हरकती नोंदवल्या. रतलामच्या मिशन हॉस्पिटलातले शल्यवैद्य डॉ. रॉबर्ट मॅकक्लुअर यांचे बालपण आणि पुढली कित्येक वर्षे चीनमध्ये गेली होती. १९४९ नंतर तिथे काय झाले हे त्यांच्या पिढीने पाहिले होते. मिशनऱ्यांना काही वर्षांतच देश सोडावा लागला. ते १९५४ साली रतलामला आले, त्याच वर्षी नियोगी समिती नेमली गेली होती, आणि १९६७ पर्यंत ते तिथे रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. पुढे ते कॅनडाच्या युनायटेड चर्चचे मॉडरेटर झाले, पाळक नसलेले पहिलेच.

डॉ. मॅकक्लुअर कुटुंबनियोजनाचे हिरिरीचे पुरस्कर्ते होते, आणि इथे आम्हांला आमच्या मूळ प्रश्नाकडे परत येता येते. १९६० च्या सुमारास नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्यायला माणूस यायचा, डॉक्टर समजावायचे, तो घरी जाऊन विचार करायचा, कधी यायचा, कधी यायचा नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रिया तीच. हेतूही, म्हणणारे म्हणतील, तोच: कुटुंब लहान, कुटुंब सुखी. पण विचारणे गेले होते, किंवा विचारल्यासारखे करून नोकरीची, रेशनची, शिधापत्रिकेची भीती दाखवली जात होती. मार्च १९७७ मध्ये लोकांना पुन्हा विचारण्यात आले तेव्हा उत्तर भारतातल्या मतदारांनी काय उत्तर दिले ते सर्वांना ठाऊक आहे. चिन्हे ओळखून कागद टाकणारे निरक्षर लोक ते. त्यांना भले नको होते असे कोण म्हणेल?

आपल्या प्रभूने काय केले ते पाहा. यरीहोच्या वेशीवर बार्तीमय ओरडत होता. तो आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होते. तरी प्रभूने थांबून त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसालाही त्याने आधी विचारले, तुला बरे व्हायचे आहे काय? संडे स्कूलमध्ये आम्ही लहान असताना हा प्रश्न आम्हांला वेड्यासारखा वाटे. बरे व्हायचे नसेल तर तो तिथे कशाला पडेल? आता वाटते की त्या माणसाला अडतीस वर्षांत कोणी काही विचारलेच नसेल. लोकांनी उचलून इकडे ठेवले असेल, वाट अडते म्हणून तिकडे सरकवले असेल. पाय बरे होण्याआधी त्याला स्वतःचे उत्तर देण्याची संधी मिळाली. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने विचारले. आणि ज्यांना थोडेच ठाऊक असते असे आपण न विचारता करतो.

इथे कोणी म्हणेल, बरब्बाचे काय? पिलाताने लोकांना विचारलेच होते, आणि लोकांनी चोराला मागितले. हा आक्षेप पोकळ नाही. बहुमत म्हणजे न्याय असे मानणारा ख्रिस्ती माणूस गुड फ्रायडेची उपासना कोणत्या तोंडाने करणार? पण त्या सकाळी काय घडले ते नीट वाचावे. मुख्य याजकांनी लोकांना चिथावले होते, असे शुभवर्तमानात आहे. आणि विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचे नव्हते, हात धुवायचे होते. ती गर्दी होती. मातोश्री पडद्याआड एकट्या गेल्या, तिथे याजक नव्हता, साहेब नव्हता, नवराही नव्हता. गर्दीला विचारणे आणि एकेका माणसाला विचारणे यांत अंतर आहे, आणि जी लोकशाही ते अंतर विसरेल तिच्यात पुन्हा बरब्बाच सुटेल.

तान्ह्या मुलाला विचारून लस टोचत नाहीत, बेशुद्ध माणसाला विचारून टाका घालत नाहीत, हेही आम्हांला मान्य आहे. अडचण एवढीच की सत्ता हातात असलेल्याला सगळेच तान्हे किंवा बेशुद्ध दिसू लागतात. मायबाप हा शब्द आपल्या भाषेत किती सहज आला आहे! मायबाप सरकार, मायबाप साहेब. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला, आणि राजकारणात समता व समाजात विषमता असे दुहेरी जिणे किती दिवस चालणार असे विचारले. आपल्या मंडळीत तर हा प्रश्न त्याच्याही आधी एकाने विचारला होता. रे. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. साहेबांचा पगार घेऊन आपण आपल्या लोकांशी मोकळेपणी बोलू शकत नाही, हे त्यांना उमगले होते. दोन वर्षांत ते वारले. त्यांची गीते आपण गातो, त्यांच्या राजीनाम्याची आठवण क्वचितच काढतो.

मग साहेब गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. कुठे लवकर, कुठे उशिरा, बंगले, शाळा, दवाखाने आपल्या हाती आले. व्हरांडाही आला. त्या व्हरांड्यात आता आपल्यापैकीच कोणी उभा असतो, आणि आम्ही स्वतः त्यात उभे होतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही.

उज्जैनच्या बाई वैधव्यानंतर आमच्या कंपाउंडातल्या एका खोलीत राहत. मूलबाळ नव्हते. खोली जुनी, पावसाळ्यात गळायची. एकदा न्हाणीत घसरून त्या पडल्या. आम्ही तेव्हा पंचमंडळात होतो. पंचमंडळाने एकमताने ठराव केला की बाईंची व्यवस्था दुसऱ्या शहरातल्या वृद्धाश्रमात करावी. आश्रम चांगला, डॉक्टर जवळ, खर्च मंडळी करणार. त्यांची काळजी आम्हांला खरोखरच होती. ती खोली संडे स्कूलच्या सामानासाठी हवी होती हेही खरे, आणि चर्चेत ते कोणी मोठ्याने म्हटले नाही हे त्याहून खरे. आम्ही तिघे ठरावाचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही सगळ्यांनी विचार केलाच असेल." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं नाव इथल्या यादीत राहील ना?" चिटणिसांनी नियम सांगितला: दाखला तिकडच्या मंडळीला पाठवू, नाव तिकडे चढेल. "बरं," असे त्या पुन्हा म्हणाल्या.

मतदानाच्या सकाळची ती हकिकत त्यांनी आम्हांला सांगितली ती सामान बांधताना. आम्ही ट्रंकेला दोरी आवळत होतो आणि त्या खाटेवर बसून मातोश्रींचे लुगडे, मोटार, साहेबांची टोपी, सगळे सांगत होत्या. आम्ही हसलो. गोष्ट फार छान आहे, मासिकासाठी लिहायला हवी, असेही आम्ही म्हणालो. त्या हसल्या नाहीत. तेव्हा ते आमच्या लक्षात आले नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत यादी वाचली गेली. त्यांचे नाव होते तिथे चिटणीस न थांबता पुढे गेले. सभेत त्या एरवी काही बोलत नसत, पण मताला हात वर करायच्या, आणि दोनदा तरी आमच्या विरुद्ध केला होता. मागल्या बाकावर कोणी तरी "त्या कुठे आहेत हो?" असे विचारले. "चांगल्या ठिकाणी आहेत," असे आम्हीच उत्तर दिले. पंचविसेक वर्षे ज्या बाकावर त्या बसत तिथे आता छत्र्या ठेवतात.

शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसलो आणि हे सगळे डोळ्यांपुढे आले. मुलांना सांगावे ते असे, असे आम्हांला वाटते: मिशनरी चांगले होते आणि त्यांनी आपले भले केले. त्यांतल्या काहींनी विचारून केले, पुष्कळांनी न विचारता केले. त्यांच्यानंतर आपण आलो. मग मुलांना विचारावे की तुमच्या घरी आजीला कोण काय विचारते.

गेल्या महिन्यात आम्ही त्या आश्रमात जाऊन आलो. बरोबर पेढे नेले होते, आणि मनात बरेच काही तयार करून नेले होते. बाई वाळत घातलेले कपडे घडी करीत होत्या. आम्ही उभ्याउभ्याच सुरुवात केली, की त्या वेळी आमचे चुकले, आम्ही तुम्हांला विचारले नाही, आता विचारतो, तुम्हांला परत यायचे आहे काय, खोलीचे छप्पर आम्ही करून घेऊ, नाव पुन्हा यादीत घालायची तजवीज करू.

बाईंनी हातातली घडी पुरी केली.

"आधी बसा तरी," त्या म्हणाल्या. "मला विचार करायला वेळ लागेल."